खजिन्याचा शोध आणि शेवटचे दहा मीटर

जीपीएस हातात देऊन मुलांना शाळेबाहेर सोडले की मुले धावतात. आठवी-नववीच्या वर्गातल्या ज्या मुलाला बाकावरून उठवून फळ्यापर्यंत आणायला तीनदा हाक मारावी लागते, तोही धावतो. ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतल्या अनेक शाळांत गेली वीसएक वर्षे ‘जिओकॅशिंग’ हा खेळ भूगोल, विज्ञान आणि गणिताच्या तासांना जोडला जात आहे. त्याची शिफारस करणारे लेख आता आपल्याकडच्या शिक्षकांच्याही वाचनात येतात. या शिफारशींचा सूर बहुधा एकच असतो : मुलांना प्रेरणा मिळते. मिळते हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा, आणि तो फारसा कोणी विचारताना दिसत नाही. ही प्रेरणा नेमकी कशाची?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी एक झाकणाचा डबा कुठेतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. डब्यात एक वही आणि काही किरकोळ वस्तू असतात. शोधणाऱ्याने जीपीएसच्या मदतीने तिथे पोहोचायचे, वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्या बदल्यात दुसरी ठेवायची. जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत. शाळेत याचेच छोटे रूप करतात. शिक्षक परिसरात पाच-सहा डबे ठेवतात, प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते, चिठ्ठीवर एक प्रश्न आणि पुढच्या डब्याचे अक्षांश-रेखांश. जो गट आधी शेवटच्या डब्यापाशी पोहोचेल त्याला बक्षीस.

आता या खेळाचा जन्म कसा झाला ते पाहू, कारण माझ्या आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे. नागरी वापरासाठी मिळणाऱ्या त्यांच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळलेली असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राने दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होती. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही त्रुटी काढून टाकत असल्याचे जाहीर केले आणि त्या रात्री ती काढलीही गेली. एका रात्रीत जगातले प्रत्येक जीपीएस यंत्र सुमारे दहापट अचूक झाले. यंत्र तेच, बॅटऱ्या त्याच, फक्त आकाशातून येणारा संकेत शुद्ध झाला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांना प्रश्न पडला की ही नवी अचूकता प्रत्यक्षात किती आहे? ती तपासण्यासाठी ३ मे रोजी त्यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′ हा पत्ता इंटरनेटवर कळवला. दुसऱ्या कोणाला, दुसऱ्या यंत्राने, फक्त या दोन आकड्यांवरून बादली सापडते का? तीन दिवसांच्या आत ती दोघांना सापडली.

म्हणजे हा खेळ जन्माला आला तो एक प्रयोग म्हणून. मापन किती विश्वासार्ह आहे, एकाचे मापन दुसऱ्याला पडताळता येते का, या विज्ञानातल्या अगदी मूलभूत प्रश्नातून. शाळांनी त्यातली बादली तेवढी उचलली आणि प्रश्न तिथेच ओरेगनच्या रानात ठेवून दिला!

शाळेतल्या खेळात मुले प्रत्यक्षात काय करतात ते शांतपणे पाहावे. पडद्यावर एक बाण असतो आणि बाणाखाली अंतर : १४० मीटर, १२०, ९५. मुले बाणाकडे पाहत चालतात. उत्तर दिशा कुठे आहे याचा विचार करावा लागत नाही, नकाशा मनात जुळवावा लागत नाही, वाटेत ओढा लागला की विहीर, याची नोंद घ्यायचे कारण पडत नाही. ‘मी कुठे आहे’ हा भूगोलातला सर्वांत जुना आणि सुंदर प्रश्न यंत्र सोडवते. मुलांच्या वाट्याला येते ते चालणे.

जपानमध्ये तोरू इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. त्यांनी लोकांना अनोळखी रस्त्यांवरून चालायला लावले. काहींना जीपीएस दिले, काहींना कागदी नकाशा, तर काहींना आधी एकदा सोबत नेऊन वाट दाखवली. जीपीएसवाले नकाशावाल्यांपेक्षा अधिक चालले आणि वाटेत अधिक वेळा थांबले. नुसती वाट पाहून आलेल्यांशी तुलना केली तर त्यांचे दिशेचे अंदाज अधिक चुकले आणि नंतर आठवून काढलेले रेखाटनही कमी बरोबर आले. हा अभ्यास प्रौढांवर झाला आणि खजिन्याच्या खेळाशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे त्यावरून शाळकरी मुलांविषयी थेट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. पण ‘जीपीएसच्या खेळाने मुलांचे स्थानज्ञान वाढते’ असे कोणी सहज म्हणून गेला, तर त्याच्याकडे पुरावा मागण्याइतके बळ त्यात नक्कीच आहे. करून पाहायचे असेल तर सोपे आहे. खेळ संपवून मुले परत आली की त्यांना कोरा कागद द्या आणि चाललेल्या वाटेचा कच्चा नकाशा काढायला सांगा. बक्षीस मिळवलेल्या गटालाच आधी सांगा.

बक्षिसाबद्दल एक शब्द. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या अनेक पुस्तकांत येतो. ज्यांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते अशा काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाहिले तर ही मुले आपणहून चित्र काढण्यात इतर मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवत होती. आधी न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलेल्या मुलांच्या बाबतीत असे झाले नाही. शोधण्याची हौस मुलांना असतेच. तिच्यापुढे ‘पहिल्या गटाला बक्षीस’ ठेवले की हौशीचे शर्यतीत रूपांतर होते, आणि शर्यतीत सर्वांत आधी बळी जातो तो वाटेत थांबून दगड उचलून पाहणारा मुलगा. गटातले बाकीचे त्याला ओढत नेतात. विज्ञानाच्या शिक्षकाला खरे म्हणजे तोच मुलगा हवा असतो.

इतकी टीका केल्यावर कोणी विचारील की मग जीपीएस शाळेत आणूच नये काय? जरूर आणावे. पण ज्या क्षणी हा खेळ शिक्षकाला गैरसोयीचा वाटतो, तो क्षण टाळू नये. तो क्षण येतो शेवटच्या दहा मीटरमध्ये.

खेळलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. अंतर शंभर मीटर असते तोवर बाण स्थिर असतो. दहाच्या आत आले की तो डगमगू लागतो, एकदा डावीकडे, एकदा मागे. दोन गटांचे दोन फोन दोन वेगळी झाडे दाखवतात. मुले म्हणतात, “सर, फोन बिघडला.” सर म्हणतात, “असू दे, आजूबाजूला शोधा.” आणि धडा नेमका जिथे सुरू व्हायचा तिथेच संपतो.

फोन बिघडलेला नसतो. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि जागा सांगणारा संकेत पाठवतो. संकेत पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. संकेत प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ३०० मीटरांची चूक! जागेचे तीन अज्ञात आकडे आणि यंत्राच्या स्वस्त घड्याळातली चूक हा चौथा अज्ञात, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. चार अज्ञातांना चार समीकरणे, हे दोन चलांतील समीकरणे सोडवणाऱ्या मुलाला समजावून सांगता येते. उपग्रहावरची घड्याळे सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. त्याची दुरुस्ती केली नाही तर दिवसभरात अकरा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. आइनस्टाइनचा सिद्धांत रोजच्या वापरात दाखवायला यापेक्षा जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही. या सगळ्या दुरुस्त्या करूनही वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात संकेत रेंगाळतो, इमारतीच्या भिंतीवर आपटून लांबच्या वाटेने येतो, झाडाच्या ओल्या पानांत क्षीण होतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरांच्या आत असते, दाटीवाटीच्या गल्लीत ती बरीच वाढते.

आता बाण का डगमगतो हे मुलांनाच काढू द्यावे. जागा सांगण्यात पाच मीटरांची चूक आहे. डबा १०० मीटरवर असेल तर दिशेत किती अंशांची चूक होईल? कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले तरी उत्तर येते : सुमारे तीन अंश. डबा पाच मीटरवर असेल तर? पंचेचाळीस अंश. त्याच्याही जवळ गेले की बाणाला काही अर्थच उरत नाही. चूक तेवढीच आहे, आपण जवळ गेलो म्हणून ती मोठी दिसू लागली. दहावीच्या त्रिकोणमितीला असे जिवंत उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

तसेच त्या आकड्यांचे. उल्मर यांच्या पत्त्यात मिनिटांचे तीन दशांश आहेत. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर, म्हणजे तिसरा दशांश १.८५ मीटरांचा. रेखांशाचे मिनिट विषुववृत्तापासून दूर जावे तसे आखडते. ओरेगनमध्ये तिसरा दशांश सुमारे १.३ मीटरांचा, पुण्याच्या अक्षांशावर सुमारे १.७५ मीटरांचा. असे का, हे पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून दाखवता येते. यंत्राची चूक पाच मीटरांची आणि आकडा मात्र पावणेदोन मीटरांचा भेद दाखवणारा! काही फोन तर अंशांचे सहा-सात दशांश दाखवतात. सातवा दशांश म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. पडद्यावर आकडा दिसला म्हणून तो खरा धरायचा नसतो, हे मुलांना दहा व्याख्यानांनी कळणार नाही ते या हिशेबाने कळते.

त्यासाठी एकही डबा लपवावा लागत नाही. शाळेचा ध्वजस्तंभ पुरेसा आहे. एकच फोन ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यावर ठरलेल्या जागी ठेवायचा आणि अक्षांश-रेखांश वहीत लिहायचे. मधल्या सुटीत, शाळा सुटताना, दुसऱ्या दिवशी सकाळी, ढगाळ हवेत, असे आठवडाभरात तीस-चाळीस वेळा. मग आलेखाच्या कागदावर प्रत्येक वाचनाचा एक ठिपका. ध्वजस्तंभ हलला नाही, ठिपके मात्र विखुरतात. त्यांचा मध्य काढायचा, निम्मे ठिपके ज्याच्या आत येतील असे वर्तुळ काढायचे. हाच प्रयोग इमारतीच्या भिंतीला लागून केला तर वर्तुळ केवढे होते? सरासरी, विचलन, मापनातील त्रुटी हे शब्द मुलांना आधी सांगायची गरज नाही. वर्तुळ काढून झाल्यावर सांगावेत.

आणखी एक गंमत, ज्यांच्या शाळेत जुने टोपोशीट म्हणजे स्थलनिर्देशक नकाशे आहेत त्यांच्यासाठी. जीपीएसने मिळालेले अक्षांश-रेखांश अशा जुन्या नकाशावर मांडले तर ठिपका आपल्या शाळेवर पडत नाही, शंभर मीटरांच्या आसपास सरकून पडतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हा फरक दोनएक मिलिमीटरांचा, बारीक पेन्सिलीने स्पष्ट दिसणारा. इथे ना फोन चुकला ना नकाशा. जुन्या भारतीय नकाशांसाठी पृथ्वीचा जो आकार धरला आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेला, तर जीपीएस वापरते तो ‘डब्ल्यूजीएस ८४’ नावाचा. एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्यापेक्षा सुमारे साडेआठशे मीटर कमी भरते, आणि दोन्ही आकारांचे मध्यबिंदूही एकाच जागी नाहीत. पृथ्वी मोजण्याचे ते प्रचंड काम ज्यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केले ते विल्यम लॅम्बटन काम करता करताच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या शाळांनी सहलीचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मापनाकडून जागेकडे येऊ. डब्याच्या खेळातली दुसरी उणीव अशी की डबा कुठेही ठेवता येतो. बाकाखाली, गटाराच्या कठड्यामागे, कुठेही. त्या जागेला स्वतःचे असे काही सांगायचे नसते. हा दोष ओळखून अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेने २००४ साली या खेळाचा एक वेगळा प्रकार सुरू केला, ‘अर्थकॅश’. (इंग्रजीतला हा ‘अर्थ’ पृथ्वीचा. आपल्या लिपीत त्याला अर्थ प्राप्त होतो हा योगायोग.) पहिला अर्थकॅश ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर वास्प हेड येथे झाला. इथे डबाच नसतो. अक्षांश-रेखांश एखाद्या खडकापाशी, धबधब्यापाशी, नदीच्या वळणापाशी नेतात, आणि तिथे उभे राहून निरीक्षण केल्याशिवाय देता येणार नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. या खेळाच्या सगळ्या प्रकारांत शाळेला खरोखर उपयोगी पडेल असा मला हाच वाटतो. त्यातही सगळे आलबेल नाही. माहितीफलक असलेल्या जागी फलक वाचून उत्तर उतरवण्याचा मोह होतो, आणि प्रश्न करणारा आळशी असला तर प्रश्नही फलकावरूनच येतो. सगळी मदार प्रश्नावर आहे.

चांगला प्रश्न कसा असतो? पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या. ‘रांजणखळगे कसे तयार होतात?’ हा प्रश्न पुस्तकातला आहे आणि त्याचे उत्तर घरी बसून देता येते. ‘तीन खळग्यांची तोंडे आणि खोली दोरीने मोजा. तळाशी कोणते दगड आहेत? त्यांच्या कडा धारदार आहेत की गोल? पात्रातल्या इतर दगडांशी तुलना करा’ हा प्रश्न तिथे गेल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटला की भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडांनी बसाल्ट घासला हे पुस्तकातले वाक्य मुलांचे स्वतःचे होते. (हे काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर आणि काठाकाठानेच. पावसाळ्यात तिथे मुलांना नेऊ नये.) निघोजला जाणे जमत नसेल तर गावाजवळच्या घाटात, जिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे, काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये अनेकदा तांबडा पट्टा दिसतो. तो कुठे जाड आहे, कुठे पातळ, हाताला कसा लागतो, नखाने खरवडता येतो का? दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून तो पट्टा झाला, हे सांगायची घाई करू नये. पट्टा खडकापेक्षा मऊ का, हे मुलांनी आधी विचारावे. दहावीच्या भूगोलाचे २०१८ साली आलेले पुस्तक क्षेत्रभेटीच्याच पाठाने सुरू होते. तो पाठ घरी वाचून यायला सांगणाऱ्या शिक्षकांना इथून सुरुवात करता येईल.

राहता राहिला साधनांचा प्रश्न. वर्गातल्या प्रत्येकाकडे फोन नसतो, अनेक शाळांत तो आणायलाही बंदी असते, आणि मुलींच्या गटाला एकटे दूर पाठवायला पालक तयार नसतात. त्यात नवल नाही. मला ही अडचण वाटत नाही. जीपीएस नव्हते तेव्हाही हा खेळ होताच. इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमेअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचलेल्यांनी आपले नावाचे कार्ड तीत टाकून यायचे. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. त्यात खुणा असतात त्या होकायंत्राच्या आणि पावलांच्या : अमुक सुळक्यापासून इतक्या अंशांवर इतकी पावले. अशी खूण सोडवणाऱ्याला उत्तर दिशा कळावी लागते, आपले पाऊल किती सेंटिमीटरांचे हे मोजावे लागते, आणि चढावर ते आखूड पडते हेही लक्षात घ्यावे लागते. चाळीस मुलांत दोन होकायंत्रे आणि शिक्षकाचा स्वतःचा एक फोन असला की पुरते. मुलांनी पावलांनी आणि होकायंत्राने जागा नक्की करायची, तिथे खडूने फुली मारायची, आणि मगच शिक्षकाने फोन बाहेर काढायचा. फुली आणि फोन यांत किती मीटरांचा फरक पडला? जास्त कोण चुकले आणि हे ठरवायचे कशाने? इथे वाद होतो आणि वाद झाला पाहिजे. तो टेपने मोजून मिटवता येतो.

डबे लपवायचेच असतील तर ते शाळेच्या आवारात लपवावेत. बाहेर सार्वजनिक जागी ठेवलेला बेवारस डबा आजच्या दिवसांत लोकांना घाबरवतो. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात असाच एक डबा संशयावरून बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता. किल्ल्यांवर तर डबा नेऊच नये. तटाच्या चिऱ्यांमधल्या फटी लपवायला सोयीच्या दिसतात, पण एकाने ठेवलेला डबा शोधायला चाळीस जण दगड उपसतात, आणि आपल्याकडे त्या फटींत विंचूही असतात.